कॉन्ट्रा एवढा का पळतोय? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात एम्युलेटरमधल्या (म्हणजे जुन्या मशीनचे गेम आजच्या मोबाईल-कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या) नव्या सोयींबद्दल लिहिलं होतं, म्हणजे बटणाचा उशीर कापणारं रनअहेड, गेम मागे नेणारं रिवाइंड, चित्र जुन्या टीव्हीसारखं करणारा शेडर, अचीव्हमेंट वगैरे, आणि त्यावर एवढे प्रश्न आलेत की निवडता निवडता नाकी नऊ आले. बऱ्याच जणांनी लेख वाचून एकाच रात्रीत दिसेल ते सगळं ऑन केलंय आणि आता मोबाईल तापतोय, आवाज फाटतोय, गेम मधेच उड्या मारतोय अशी तक्रार आहे. त्या सगळ्यांना मिळून एकच सांगतो, आधी सगळं बंद करा, मग ज्या गोष्टीचा त्रास होतोय तिच्यापुरतं एकच सेटिंग चालू करून बघा. चला, आता एकेक घेऊ.

प्रश्न (कोल्हापूर): सर, लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, पिवळ्या कॅसेटवाला. त्यावर भावाबरोबर कॉन्ट्रा खेळून खेळून पाठ झाला होता. आता मोबाईलवर रेट्रोआर्क टाकून तोच गेम खेळतोय तर फार फास्ट पळतो, पहिल्याच स्टेजला मरतो मी. वय झालं का माझं? बायको म्हणते हो.

उत्तर: वयाचं तुम्ही घरात ठरवा, पण गेम खरंच फास्ट आहे, बायकोला हे उत्तर वाचायला द्या. आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र काढणारा, आणि जपान-अमेरिकेतला एनटीएससी, सेकंदाला ६० वेळा. कॉन्ट्रा बनवला ६० साठी, कारण त्या काळचे बहुतेक गेम आपला सगळा हिशोब फ्रेमवर करायचे, एक फ्रेम झाली की माणूस एवढा पुढे, गोळी एवढी पुढे. आपल्याकडे जे टीव्ही गेम मिळायचे ते बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी गेम मशीनची नक्कल होते आणि पाल टीव्हीसाठी बनवलेल्या अशा नकलेवर तोच गेम ५० ने चालतो, म्हणजे जे काम तिकडे एका सेकंदात व्हायचं ते इथे १.२ सेकंदात. तुमच्या बोटांना जी सवय लागलीय ती त्या १.२ ची आहे. एम्युलेटर मात्र फाईल बघतो, अमेरिकन कॉपी आहे म्हणतो आणि ६० ने सोडतो.

उपाय सोपा आहे. रेट्रोआर्क हे एकाच ॲपमध्ये अनेक एम्युलेटर चालवतं, आणि आतल्या प्रत्येक एम्युलेटरला कोअर म्हणतं. गेम चालू असताना क्विक मेनूत कोअर ऑप्शन उघडा, तिथे रीजन असं असेल, ते ऑटोवरून डेंडी करा. एफसीईयूएमएम आणि नेस्टोपिया या दोन्ही कोअरमध्ये ते आहे, कॉम्प्युटरवर मेसेन वापरत असाल तर त्यातही आहे. डेंडी म्हणजे रशियात गाजलेला असाच एक नकली फॅमिकॉम, त्याच्यावरून सेटिंगला नाव पडलं. खाली साधं पाल पण दिसेल, ते नको, कारण युरोपातल्या अस्सल पाल मशीनचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झचा, त्यावर ६० वाला गेम टाकला की संगीताचा सूरच खाली येतो. नकलेतला प्रोसेसर १.७७ चा, अस्सल जपानी १.७९ च्या अगदी जवळ, त्यामुळे सूर तोच राहतो आणि फक्त लय संथ होते. डेंडी लावा आणि पहिल्या स्टेजचं म्युझिक ऐका, ओळखीचं वाटेल.

एक बारीक अडचण आहे, मोबाईलचा स्क्रीन ६० चा असेल तर ५० फ्रेम त्यात नीट बसत नाहीत आणि सरकताना हलका धक्का जाणवतो. टीव्हीला जोडून खेळणार असाल तर बरेच टीव्ही ५० हर्ट्झ घेतात, तिथे एकदम लोण्यासारखं चालतं. आणि हो, ते ३० जीव वालं वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए अजून चालतंच, पण गेमची जपानी कॉपी मिळाली तर जरूर बघा, त्यात स्टेजच्या मधे नकाशा येतो, जंगलातल्या झाडांची पानं हलतात, आपल्या अमेरिकन कॉपीत हे सगळं कापलेलं.

प्रश्न (ठाणे): रनअहेड ४ ठेवलं तर मारिओ उडी न मारता डायरेक्ट हवेत दिसतो. ० ठेवलं तर बटण दाबल्यावर उशिरा उडतो आणि खड्ड्यात जातो. नक्की किती ठेवू? लॅपटॉप टीव्हीला जोडलाय.

उत्तर: आधी टीव्हीचा गेम मोड ऑन करा, रनअहेडला हात लावायच्या आधी. टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात जो वेळ खातो तो कुठलाही एम्युलेटर परत आणू शकत नाही, आणि ब्लूटूथ हेडफोन लावून आवाज मागे येतो म्हणणाऱ्यांनाही हेच, तो दोष हेडफोनचा.

आता रनअहेड. बऱ्याच जुन्या गेममध्ये बटण दाबल्यापासून पात्र हलेपर्यंत एक-दोन फ्रेम मुळातच जातात, खऱ्या मशीनवरही जायच्या, आणि एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. रनअहेड काय करतं तर पडद्यामागे गेम तेवढ्या फ्रेम पुढे पळवतं, तुम्हाला पुढचं चित्र दाखवतं आणि गुपचूप सेव्ह स्टेट, म्हणजे आधीच्या क्षणाचा साठवलेला साचा, लोड करून मागे येतं, हे सगळं प्रत्येक फ्रेमला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा. २०१८ मध्ये रेट्रोआर्कमध्ये हे आलं तेव्हा लोकांचा विश्वासच बसत नव्हता. पण गेमचा स्वतःचा उशीर २ फ्रेमचा असेल आणि तुम्ही ४ कापायला सांगितलं तर उडीच्या सुरुवातीच्या दोन फ्रेम तुम्हाला दिसणारच नाहीत, म्हणून मारिओ टेलिपोर्ट होतोय.

किती ठेवायचं ते मोजून काढा, अंदाजाने नको. रनअहेड ० करा, मारिओला उभा करा, कीबोर्डवर पी दाबून गेम थांबवा. उडीचं बटण दाबून धरा, सोडू नका, आणि दुसऱ्या हाताने के दाबत जा, प्रत्येक के ला गेम एक फ्रेम सरकतो. कितव्या के ला मारिओ हलला ते बघा आणि त्यातून १ वजा करा, तिसऱ्याला हलला तर रनअहेड २. प्रत्येक गेमचा आकडा वेगळा येतो म्हणून सेटिंग त्या गेमपुरतंच सेव्ह करायचं, सगळ्यांना एक लावलं की झाली बोंब. आवाज फाटत असेल तर खालीच सेकंड इन्स्टन्सचा पर्याय आहे, तो लावा. आणि लॅपटॉप जुना असेल तर रनअहेडऐवजी प्रीएम्प्टिव्ह फ्रेम्स निवडा, ते दर फ्रेमला हा सगळा खटाटोप करत नाही, फक्त बटण बदललं की करतं, त्यामुळे प्रोसेसरचा जीव वाचतो आणि हाताला फरक तोच.

प्रश्न (अकोला): बदकं मारायचा गेम एम्युलेटरवर चालतो पण गोळी लागतच नाही. घरी जुनी बंदूक आहे, ती यूएसबीला जोडता येईल का?

उत्तर: बंदूक शोकेसमध्ये ठेवा. ती फक्त डब्बा टीव्हीवर चालते, कारण ट्रिगर दाबला की गेम क्षणभर स्क्रीन काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी शोधतो. एलसीडी चित्र उशिरा दाखवतो आणि त्याचा उजेड त्या डोळ्याला ओळखूही येत नाही. एम्युलेटरमध्ये कंट्रोल सेटिंगमध्ये पोर्ट २ ला झॅपर, म्हणजे तीच बंदूक, निवडा, मग माऊस किंवा बोट हीच बंदूक. तो हसणारा कुत्रा मात्र काही केल्या मरत नाही, प्रयत्न करू नका.

प्रश्न (पुणे, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष): दादा, पहिल्या प्लेस्टेशनचे गेम डकस्टेशनवर ४के ला लावले तर भिंती थरथरतात, जमिनीच्या फरश्या वाकड्या होतात. ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे. आणि एका गेमच्या चार सीडी आहेत, डिस्क बदलताना वैताग येतो, जागा पण खूप खातात. आणि बायॉस लागतेच का?

उत्तर: कार्डचा काही संबंध नाही रे. तो थरथराट प्लेस्टेशनचाच आहे. त्या मशीनचं थ्रीडी गणित करणारं युनिट प्रत्येक कोपऱ्याची जागा पूर्ण पिक्सेलमध्येच सांगायचं, अर्धा पाव काही नाही, त्यामुळे भिंत हळू सरकली की कोपरे एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर टुणकन जायचे. वर टेक्श्चर लावताना खोलीचा हिशोबच नव्हता म्हणून फरशी वाकायची. ३२० बाय २४० च्या चित्रात आणि धूसर टीव्हीवर हे खपून गेलं, तू ते ४के मध्ये भिंगाखाली धरलंयस. सेटिंगमध्ये पीजीएक्सपी नावाचं आहे ते चालू कर, ते कोपऱ्यांचा अपूर्णांक जपून ठेवतं आणि टेक्श्चरही सरळ करतं. एखाद्या गेममध्ये त्याने भलतंच काही दिसायला लागलं तर तेवढ्याच गेमपुरतं बंद कर. मला विचारशील तर थोडा थरथराट असू दे, काही हॉरर गेम त्यामुळेच भीतीदायक वाटतात.

सीडीचं म्हणशील तर सीडीच्या कॉपीच्या ज्या बिन-क्यू फाईली असतात त्या सीएचडी करून टाक. मेम या आर्केड गेमच्या एम्युलेटरबरोबर सीएचडीमॅन नावाचा छोटा प्रोग्राम येतो, त्याला क्यू फाईल दिली की तो एकच दाबलेली फाईल बनवून देतो, डेटा काही जात नाही, हवं तेव्हा परत उलटं करता येतं. मग नोटपॅडमध्ये चारही सीएचडीची नावं एकाखाली एक लिही आणि फाईल एमथ्रीयू एक्स्टेन्शनने सेव्ह कर, एम्युलेटरला तीच उघडून दे, डिस्क बदल मेनूतून दोन क्लिकमध्ये. बायॉस म्हणजे मशीन सुरू करणारा तिच्यातलाच मूळ प्रोग्राम, डकस्टेशनला ती लागतेच, आणि ती सोनीच्या मालकीची आहे त्यामुळे ती तुझ्या स्वतःच्या मशीनमधूनच काढायची. बायॉसशिवाय चालवायचं तर रेट्रोआर्कमधला पीसीएसएक्स रीआर्म्ड कोअर स्वतःची पर्यायी घेऊन येतो, बरेच गेम चालतात, सगळे नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): मुलाकडे आयफोन आहे. त्याला मी खेळायचो ते गेम दाखवायचेत. जेलब्रेक वगैरे भानगड नको.

उत्तर: आता गरजच नाही. ॲपलने एप्रिल २०२४ मध्ये नियम बदलला आणि जुन्या गेमच्या एम्युलेटरना ॲप स्टोअरवर परवानगी दिली. त्याच महिन्यात डेल्टा आलं, मे मध्ये रेट्रोआर्क आणि पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी. मुलासाठी डेल्टाच घ्या, ते सगळ्यात सुटसुटीत, आडवं धरलं तर बटणं चित्रावर येतात, उभं धरलं तर खाली, आणि सेव्ह गूगल ड्राईव्हवर सिंक होतात. निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी (Wii) या मशीनचं डॉल्फिन मात्र ॲप स्टोअरवर नाही, त्याला लागणारी जिट पद्धत, म्हणजे गेमचा कोड चालता चालता फोनच्या भाषेत बदलणं, ॲपल साध्या ॲपला वापरू देत नाही.

प्रश्न (सोलापूर): ॲप अपडेट झालं आणि माझे सगळे सेव्ह गेले. म्हणजे दिसतात पण लोड केले की काळा स्क्रीन. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. काय करू?

उत्तर: थांबा, काही डिलीट करू नका, बहुतेक सगळं शाबूत आहे. तुम्ही ज्याला सेव्ह म्हणताय ती सेव्ह स्टेट आहे, म्हणजे त्या क्षणी एम्युलेटरच्या मेमरीत जे होतं त्याचा आहे तसा साचा. कोअर अपडेट झाला, आतली मांडणी बदलली की जुना साचा बसत नाही. पण गेमच्या आतून, म्हणजे सेव्ह पॉइंटवर जाऊन तुम्ही कधी सेव्ह केलं असेल तर ते वेगळ्या एसआरएम फाईलमध्ये असतं, मूळ कॅसेटमध्ये बटण सेलवर चालणारी मेमरी असायची तिची ही नक्कल. ती फाईल अपडेटने बिघडत नाही, दुसऱ्या एम्युलेटरमध्येही बहुतेक वेळा चालते. तेव्हा स्टेट लोड न करता गेम सरळ सुरू करा आणि गेमच्याच मेनूत कंटिन्यू दिसतंय का बघा.

नसेल तर जुन्या व्हर्जनचा कोअर टाकून स्टेट लोड करा, आतून सेव्ह करा, मग नवा कोअर घ्या. आणि इथून पुढे स्टेट फक्त बॉससमोर वगैरे, झोपायला जायच्या आधी गेममधूनच सेव्ह. सेटिंगमध्ये सेव्ह रॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल आहे ते पण एकदा बघा, ० असेल तर १० सेकंद करा, कारण ० वर असताना एसआरएम फाईल गेम नीट बंद केल्यावरच लिहिली जाते आणि आपण काय करतो, मोबाईलवर ॲप वर सरकवून उडवतो. आता रेट्रोआर्कमध्ये क्लाउड सिंकही आलंय, वेबडॅव सर्व्हर, म्हणजे फाईली ठेवायची ऑनलाईन जागा, असेल तर ते लावा, नसेल तर महिन्यातून एकदा सेव्ह फोल्डर ड्राईव्हवर कॉपी केलं तरी पुष्कळ.

प्रश्न (नाशिक): शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचो. जुने डॉस गेम चालवणारा डॉसबॉक्स टाकला पण त्यात माउंट करा, सायकल सेट करा, ते डोक्यावरून जातं. सोपं काही आहे का?

उत्तर: आहे, आणि अलीकडच्या सगळ्या सुधारणांमध्ये माझी सगळ्यात आवडती हीच. रेट्रोआर्कमध्ये डॉसबॉक्स प्युअर नावाचा कोअर आहे. गेमचं फोल्डर झिप करायचं आणि ती झिपच उघडायची, बस. आत कुठल्या ईएक्सई फाईली आहेत त्याची यादी समोर येते, त्यातली निवडायची, सी माउंट कर, सीडी डॉट डॉट काही नाही. झिपला तो हातही लावत नाही, गेमने जे काही लिहिलं ते बाजूला वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो त्यामुळे गेम बिघडला असं होतच नाही. कीबोर्ड नसेल तर स्क्रीनवर कीबोर्ड येतो आणि बऱ्याच गेमची बटणं कंट्रोलरला आपोआप जोडलेली असतात. प्रिन्समध्ये काटेरी खड्ड्यात पडलात तर रिवाइंड पण चालतं, एक तासाचं घड्याळ पण मागे येतं, आम्हाला लॅबमध्ये हे मिळालं असतं तर!

साधा डॉसबॉक्सच ठेवायचा असेल तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा, गेम हळू वाटला तर कंट्रोल एफ१२, पळतोय वाटला तर कंट्रोल एफ११, आणि माऊस आत अडकला तर कंट्रोल एफ१०. दोन म्हणता म्हणता तीन झाल्या, असो. आणि प्रिन्स सुरू करताना चीटसाठी prompt वर जे प्रिन्स मेगाहिट टाईप करायचो ते जुन्या १.० व्हर्जनवर अजून चालतं, १.४ असेल तर मेगाहिटच्या जागी इम्प्रूव्ह्ड लिहायचं. मग शिफ्ट एल ने पुढची लेव्हल, शिफ्ट टी ने जास्तीचा जीव. दुसऱ्या लेव्हलआधी अक्षरांच्या बाटल्या येतात ती कॉपी प्रोटेक्शन होती बरं का, मॅन्युअलमधल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधून ती बाटली प्यायची, लॅबमध्ये मॅन्युअल कुणी पाहिलंच नव्हतं त्यामुळे तिथे निम्मा वर्ग मरायचा.

प्रश्न (रत्नागिरी): ऑनलाईन दहा हजार गेमवाला छोटा हातातला गेम मिळतो. घेऊ का? आणि हे सगळं कायदेशीर आहे का, खरं सांगा.

उत्तर: खरं सांगतो. एम्युलेटर हा प्रोग्राम कायदेशीर आहे, अमेरिकेत सोनीने प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर केस केली होती, २००० साली अपील कोर्टात सोनी हरली. पण गेमची फाईल ही कॉपीराइटची वस्तू आणि भारतात गेमवरचा हक्क निदान ६० वर्षं टिकतो, म्हणजे आपले हे जुने गेम जवळपास सगळेच अजून त्यात येतात. कंपनी बंद पडली, गेम दुकानात मिळत नाही, याने हक्क संपत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये एक सूट आहे, स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रामची स्वतःच्या वापरासाठी, धंद्यासाठी नाही, कॉपी काढता येते. म्हणजे तुमच्या कपाटातल्या अस्सल कॅसेटची कॉपी काढलीत तर तुमची बाजू भक्कम, इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईलला ही सूट लावायची तर ती कायदेशीरपणे मिळवलेली हवी ना! आणि हातातल्या त्या मशीनमध्ये दहा हजार गेम भरून विकणाऱ्याने कुणाचीच परवानगी घेतलेली नसते. नव्या मशीनच्या एम्युलेटरचं प्रकरण तर अजून तापलेलं आहे, निन्टेंडो स्विच मशीनचा एम्युलेटर युझू २०२४ मध्ये निन्टेंडोच्या केसनंतर २४ लाख डॉलर देऊन बंद झाला.

मशीन म्हणून घ्यायला हरकत नाही, बरीच चांगली आहेत. पण सोबत येणारं मेमरी कार्ड बहुतेक वेळा अगदी हलक्या दर्जाचं असतं, ते काढून चांगल्या कंपनीचं टाका. त्या दहा हजारात एकच मारिओ चाळीस नावांनी असतो हेही सांगून ठेवतो. कायदेशीर खेळायचंय तर आजही लोक जुन्या मशीनसाठी नवे गेम बनवतात, २०१९ चा मायक्रो मेजेस बघा, अख्खा गेम ४० केबीत, चार जण एकत्र खेळतात. आणि कोनामीने २०१९ मध्येच कॉन्ट्राचा जुना संच स्टीमवर काढलाय, सेलमध्ये बरा पडतो.

प्रश्न (लातूर): शेडर लावला की माझा मोबाईल चहा गरम होईल एवढा तापतो. शेडर नाही लावला तर चित्र ठोकळे ठोकळे दिसतं.

उत्तर: रॉयल नावाचा शेडर लावलाय ना? तो कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डसाठी आहे. मोबाईलवर झेडफास्ट सीआरटी लावा, नावाप्रमाणेच हलका आहे. आस्पेक्ट रेशो ४:३ आहे का तेही बघा, अख्खा स्क्रीन भरायच्या हट्टापायी मारिओ लठ्ठ करू नका. शेडर निव्वळ नॉस्टॅल्जिया आहे असं म्हणणाऱ्यांनी सॉनिक गेममधला धबधबा बघावा, उभ्या रेघांचा काढलाय तो, जुन्या टीव्हीच्या वायरमधून जाताना त्या रेघा एकमेकींत मिसळायच्या आणि पाणी आरपार दिसायचं. त्यासाठी एनटीएससी नाव असलेले शेडर वेगळे आहेत, ते कॉम्प्युटरवर लावून बघा.

प्रश्न (चिंचवड): रिवाइंड वापरलं की मुलगा म्हणतो आई चीटिंग करते. मला संधिवात आहे, बोटं पटापट चालत नाहीत. त्याला काय सांगू?

उत्तर: ताई, त्याला सांगा की गेम तुमचा, मोबाईल तुमचा. रिवाइंड आहे, स्लो मोशन आहे, एकच बटण परत परत दाबायला त्रास होत असेल तर टर्बो बटण आहे, एकदा दाबून धरलं की आपोआप पटपट दाबलं जातं, गोळ्यांच्या गेममध्ये बोटांना फार आराम पडतो. सगळं बिनधास्त वापरा. मुलाला नियमच हवे असतील तर त्याला रेट्रोअचीव्हमेंट्सवर, म्हणजे जुन्या गेममधल्या कामगिरीला पदकं देणाऱ्या साइटवर, खातं काढून द्या आणि हार्डकोअर मोड लावा, त्यात रिवाइंड बंद, स्लो मोशन बंद, सेव्ह स्टेट लोड करणं बंद. तुम्ही तुमचा सॉफ्टकोअर ठेवा, त्यातही पदकं मिळतातच. बघू पहिली स्टेज आधी कोण पार करतं, कळवा मला.